गोळीला येतं एकच काम

लग्नाला दोन वर्षं झाली की दोन प्रकारची माणसं आपल्या आयुष्यात आपोआप दाखल होतात. पहिला प्रकार विचारणाऱ्यांचा. 'मग, गुड न्यूज कधी?' ही मंडळी लग्नकार्यात, हळदीकुंकवात आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सापडतात. दुसरा प्रकार सांगणाऱ्यांचा. या असतात लेडीज डब्यात आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये. 'अगं, एक पाच दिवसांची गोळी असते. माझ्या जावेने घेतली, दुसऱ्याच महिन्यात दिवस राहिले. नाव पाठवते, घेऊन टाक.'

पहिल्या प्रकारावर औषध नाही. हसायचं आणि जिलबी उचलायची! आजचा कॉलम दुसऱ्या प्रकारासाठी. कारण ती गोळी खरी आहे. चांगली आहे, आयव्हीएफच्या तुलनेत फारच स्वस्त आहे आणि तिने अनेक घरचे पाळणे हलवलेत. पण तिला काम एकच येतं. नेमकं तेच काम आपल्याकडे अडलंय का, हे न बघता ती घेत राहिलं तर महिने वाया जातात. आणि या सगळ्या प्रकरणात महिन्यांइतकी महाग वस्तू दुसरी नाही.

महिन्याला एकच डेडलाइन

आधी बेसिक फंडा. दर महिन्याला आपल्या दोनपैकी एका ओव्हरीत साधारण एक बीज पिकतं आणि बाहेर पडतं. यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात. बाहेर पडलेलं बीज जगतं जेमतेम १२ ते २४ तास. शुक्राणू जरा चिवट, ते पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे अख्ख्या महिन्यात उपयोगाचे दिवस मिळून सहा. बरं, सगळं काही सुरळीत असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक. त्यामुळे तीन महिने झाले आणि काही झालं नाही, तर लगेच रडारड करायची गरज नाही. वय ३५च्या आत असेल तर वर्षभर आणि ३५च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग डॉक्टर गाठावा, असा सर्वसाधारण नियम आहे.

पण या नियमाला एक मोठा अपवाद आहे. पाळीच अनियमित असेल तर वर्षभर वाट बघत बसायचं नाही. साधारण २१ ते ३५ दिवसांनी, ठरल्यासारखी पाळी येत असेल तर बीज बहुधा सुटतंय असं समजायला हरकत नाही. पण पाळी कधी ४५ दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी, कधी गोळ्या घेऊन आणावी लागते... अशी तऱ्हा असेल तर बीज सुटत नाहीये किंवा कधी सुटतं त्याचा भरवसा नाही. वर्षाला बारा चान्स मिळायच्या ऐवजी तीन-चारच मिळतायत. काही जणींना एकही नाही.

आपल्या गोळीचं काम आहे ते इथे.

बॉसला कामाला लावायचं

बीज न सुटण्याचं सगळ्यात कॉमन कारण म्हणजे पीसीओएस. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ओव्हरीत 'सिस्ट' दिसल्या म्हणून घाबरायला होतं. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात. बीज ज्या छोट्या पिशवीत पिकतं, त्या फॉलिकल असतात त्या, अर्धवट वाढून थांबलेल्या. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर डझनभर प्रोजेक्ट सुरू आहेत आणि डिलिव्हरी एकाचीही नाही!

ही अडलेली गाडी गोळी कशी हलवते? मेंदूच्या तळाशी पिट्युइटरी नावाची एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिला बॉस समजा. बॉस एफएसएच नावाचं हार्मोन पाठवून ओव्हरीला ऑर्डर देतो, 'चला, फॉलिकल वाढवा.' ओव्हरी काम करते आणि इस्ट्रोजेन बनवते. हे इस्ट्रोजेन म्हणजे बॉसकडे जाणारा रिपोर्ट. रिपोर्टमधला आकडा चांगला दिसला की बॉस निवांत होतो आणि ऑर्डर कमी करतो. पीसीओएसमध्ये गंमत अशी होते की काम पुरं झालेलं नसतं, पण बॉसचा जोरही वाढत नाही. सगळंच निम्म्यावर लटकतं.

इथे दोन गोळ्या वापरल्या जातात. दोघींची युक्ती वेगळी.

पहिली क्लोमिफीन. ही जुनी, १९५६ साली अमेरिकेत तयार झालेली आणि तिथे १९६७ साली मंजुरी मिळालेली. ती इस्ट्रोजेनची मेंदूतली जागा अडवून बसते. म्हणजे रिपोर्ट निघतो, पण बॉसच्या टेबलावर पोचतच नाही. बॉसला वाटतं, खाली कुणी कामच करत नाहीये. तो आणखी एफएसएच सोडतो आणि एखादं फॉलिकल पूर्ण वाढतं.

दुसरी लेट्रोझोल. ही इस्ट्रोजेन बनण्यालाच काही दिवस ब्रेक लावते. रिपोर्ट पोचतो, पण त्यातला आकडा कमी असतो. परिणाम तोच, बॉस कामाला लागतो.

फरक पुढे आहे. क्लोमिफीन शरीरात बरेच दिवस रेंगाळते. ती गर्भाशयातही इस्ट्रोजेनची जागा अडवत असल्यामुळे काही जणींचं अस्तर पातळ राहतं. बीज सुटतं, पण त्याला रुजायला गादी नीट तयार नसते. लेट्रोझोल काही दिवसांतच शरीरातून निघून जाते आणि अस्तराला सहसा धक्का लावत नाही.

यातली कुठली चांगली, याचा निकाल अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१४ साली दिला. पीसीओएस असलेल्या ७५० जणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलं आणि जास्तीत जास्त पाच पाळ्यांपर्यंत औषध दिलं. लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के जणींच्या हातात बाळ आलं, क्लोमिफीनच्या गटात १९.१ टक्के जणींच्या. त्यानंतर पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी, २०१८मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये, लेट्रोझोलला पहिली पसंती दिली.

आता हेच आकडे उलटे वाचा. चांगली गोळी, पाच पाळ्या, बारीक देखरेख... आणि तरी शंभरातल्या सत्तरहून जास्त जणींना त्या मुदतीत मूल झालं नाही. डब्यातल्या 'दुसऱ्याच महिन्यात' वाल्या गोष्टी खऱ्या असतात. पण ज्यांचं नाही झालं, त्या डब्यात गप्प बसलेल्या असतात.

गुगल केलं आणि फाटली!

डॉक्टरांनी लेट्रोझोल लिहून दिली, खाली केमिस्टकडून घेतली, टॅक्सीत बसून नाव सर्च केलं आणि समोर आलं: 'ब्रेस्ट कॅन्सरवरचं औषध'. हे जवळजवळ प्रत्येकीच्या बाबतीत होतं. मग सासूला सांगायचं की नाही, आईला फोन करायचा की नाही, डॉक्टरने चुकून दुसरंच तर लिहिलं नाही ना... रात्रीची झोप उडते.

खरी स्टोरी अशी. लेट्रोझोल ब्रेस्ट कॅन्सरसाठीच बाजारात आली. त्या कॅन्सरचे बरेच प्रकार इस्ट्रोजेनवर पोसतात, म्हणून इस्ट्रोजेन कमी करायची ही गोळी. कॅनडातल्या टोरोंटोच्या डॉक्टरांनी २००१ साली हाच गुण बीज सुटण्यासाठी वापरता येतो, असं दाखवून दिलं. मग २००५मध्ये एका परिषदेत शंका निघाली, की या गोळीनंतर झालेल्या बाळांमध्ये दोष जास्त दिसतात का? २००६मध्ये कॅनडातच ९११ बाळांचा अभ्यास छापून आला. त्यात क्लोमिफीनच्या तुलनेत लेट्रोझोलने धोका वाढल्याचं दिसलं नाही.

आपल्याकडे मात्र ऑक्टोबर २०११मध्ये सरकारने वंध्यत्वासाठी या गोळीच्या वापरावर बंदी घातली. ती उठली २०१७मध्ये. मधल्या काळात ज्यांनी उपचार घेतले, त्या थोरल्या बहिणी आणि वहिनी 'अगं, ती बॅन आहे' असं अजूनही ठामपणे सांगतात. त्यांचं चुकत नाही, त्यांची माहिती त्या वर्षांची आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. ही गोळी पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस घेतात. दिवस राहायच्या कितीतरी आधी ती शरीरातून गेलेली असते. पण आधीच दिवस राहिलेले असताना ती घेणं चालत नाही. आणि पाळी अनियमित असणाऱ्यांना 'उशीर झालाय की दिवस गेलेत' हे कळतच नाही. म्हणून सुरू करण्याआधी खात्री करून घ्यायची. मैत्रिणीच्या मेसेजवरून थेट केमिस्ट गाठू नये, याचं पहिलं कारण हे.

सकाळी नऊची सोनोग्राफी

गोळ्या पाच दिवसांच्या, पण कारभार पंधरवड्याचा. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान गोळी सुरू होते. नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक-दोन दिवसांआड खालून केलेली सोनोग्राफी. फॉलिकल रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढतं. ते १८ ते २० मिलिमीटरच्या आसपास पोचलं की काही डॉक्टर बीज सुटण्याचं इंजेक्शन देतात. त्यानंतर साधारण ३६ तासांत बीज बाहेर पडतं.

स्कॅन दहा मिनिटांचा, वेटिंग दीड तासाचं. ऑफिसात किती वेळा 'डेंटिस्टकडे जायचंय' सांगणार? बॉसला सगळं सांगायची गरज नाही. 'या महिन्यात चार-पाच सकाळी मेडिकल अपॉइंटमेंट आहे, तासभर उशिरा येईन' एवढं पुरतं. दात एवढे किडत नाहीत कुणाचे!

घरातही टेन्शन वेगळंच. 'उद्या आणि परवा ट्राय करा,' असं डॉक्टर सांगतात आणि नेमका नवरा बंगळुरूच्या टूरवर असतो. नसला तर दोघंही दमून रात्री अकराला घरी, आणि 'आज आहे हं' म्हटलं की रोमान्सचा पार मीटिंग रिमाइंडर होतो. यावर जादूचा उपाय नाही. पण शुक्राणू पाच दिवस टिकतात हे आठवा. म्हणजे त्या काळात एका दिवसाआड जमलं तरी पुष्कळ. घड्याळ लावून बसायची गरज नसते.

त्रास काय होतात? क्लोमिफीनने अंगातून गरम वाफा आल्यासारखं होतं, डोकं दुखतं, मूड कधी वर कधी खाली. डोळ्यांसमोर अंधुक दिसायला लागलं किंवा चमकलं तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन. लेट्रोझोलने थकवा येतो, गरगरतं. आणि दोन्हीत जुळ्यांची शक्यता नेहमीपेक्षा जास्त. 'एकात काम!' असं म्हणायला छान वाटतं, पण जुळ्यांमध्ये वेळेआधी बाळंत होण्याचा धोका मोठा. दोन-तीन फॉलिकल एकदम वाढली तर 'हा महिना सोडून द्या' असं सांगणारा डॉक्टर चांगला. स्कॅनला कंटाळू नये, याचं हे दुसरं कारण.

जे काम गोळीला येत नाही

आता मुद्द्याचं. गोळी फक्त बीज सोडते. गर्भनलिका बंद असेल तर ती उघडत नाही. ओव्हरीत बीजांचा साठाच संपत आला असेल तर नवीन बनवत नाही. वय वाढल्याने बीजाची जी गुणवत्ता उतरते, ती परत आणत नाही. 'गोळ्यांनी बीजं लवकर संपतात' ही भीतीही खोटी. दर महिन्याला अनेक फॉलिकल वाढीला लागतात आणि एक सोडून बाकीची तशीही विरून जातात.

आणि नवऱ्याचा काउंट कमी असेल, तर बायकोने कितीही महिने गोळ्या खाल्ल्या तरी तो वाढत नाही.

ऐकायला किती साधं! तरी आपल्याकडे क्रम नेमका उलटा चालतो. बायकोचं रक्त, बायकोची सोनोग्राफी, बायकोच्या गोळ्या, बायकोचे उपास. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. त्याची टेस्ट म्हणजे दोन ते सात दिवसांचा संयम आणि लॅबमध्ये दिलेलं एक सॅम्पल. सुई नाही, भूल नाही, कापाकापी नाही. तरी ती होते सगळ्यात शेवटी. 'त्याला कशाला उगाच' म्हणून.

पाळी घड्याळासारखी येणाऱ्या बाईला ही गोळी देऊन काय होतं, हेही तपासून झालंय. स्कॉटलंडमध्ये ५८० जणींवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. यातल्या बहुतेकींच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल होत्या, तरी मूल होत नव्हतं. नुसती वाट बघणाऱ्यांपैकी १७ टक्के जणींना बाळ झालं. क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १४ टक्के. म्हणजे काही न करणाऱ्या गटापेक्षा गोळीच्या गटाला फायदा काहीच नाही! ज्या घरात बीज आधीच सुटतंय, तिथे सोडायची गोळी आणून करणार काय?

पीसीओएसवाल्यांना बऱ्याचदा मेटफॉर्मिन म्हणजे 'शुगरची गोळी'ही देतात. इन्सुलिनच्या गडबडीवर ती उपयोगी आहे. पण नुसत्या तिच्या भरवशावर राहू नये. ६२६ जणींवरच्या २००७ सालच्या अभ्यासात एकट्या मेटफॉर्मिनने ७.२ टक्के जणींना बाळ झालं, एकट्या क्लोमिफीनने २२.५ टक्के जणींना. आणि ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांचं पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी काहींचं बीज आपलं आपण सुटायला लागतं. बारीक मुलींनाही पीसीओएस असतो, म्हणून हा सल्ला सरसकट सगळ्यांना फेकून मारू नये.

पुढची पायरी

गोळीने बीज सुटलंच नाही किंवा सुटूनही काही झालं नाही, तर इंजेक्शनं. इथे बॉसला फसवायची भानगडच नाही. त्याची ऑर्डर आपणच सुईतून द्यायची. याची सुरुवात मोठी मजेशीर आहे. पाळी गेलेल्या बायकांच्या शरीरात ओव्हरीकडून रिपोर्ट येणं बंद होतं. त्यामुळे बॉस ओरडतच राहतो आणि हे हार्मोन लघवीतून भरपूर बाहेर पडतं. म्हणून इटलीतल्या मठांतल्या वयस्क नन्सची लघवी गोळा करून औषध बनवलं गेलं! त्या औषधाने १९६२ साली इस्राएलमध्ये पहिलं बाळ जन्मलं.

आपल्याकडे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी अशीच इंजेक्शनं वापरून बीजं पिकवली आणि ३ ऑक्टोबर १९७८ला दुर्गा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली हर्षाचा जन्म झाला, त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. याच आनंद कुमारांनी १९९७मध्ये मुखोपाध्यायांच्या नोंदी तपासल्या आणि पहिलेपणाचा मान त्यांना दिला.

इंजेक्शनांची ताकद मोठी, तसा धोकाही. एकदम अनेक बीजं पिकू शकतात. ओव्हरी सुजून पोट टम्म फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

गोळीच्या आधी

तर पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी एवढं झालं पाहिजे. नवऱ्याची टेस्ट. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन, कारण यातलं एखादं बिघडल्यामुळे बीज अडलं असेल तर औषधच वेगळं. गर्भनलिकांबद्दल डॉक्टरांशी बोलणं, विशेषतः आधी काही इन्फेक्शन किंवा ऑपरेशन झालं असेल तर. आणि फॉलिक अॅसिड, ते आजपासून.

मग डॉक्टरांना चार प्रश्न. माझं बीज सुटत नाहीये हे कशावरून? कुठली गोळी आणि का? स्कॅन कधी? आणि चौथा, जो कुणीच विचारत नाही: किती महिने?

क्लोमिफीनसाठी साधारण सहा पाळ्या ही मर्यादा धरतात. त्यापुढे तीच चिठ्ठी केमिस्टला दाखवून गोळ्या आणत राहण्यात अर्थ नाही. थांबून, कागद पुढ्यात घेऊन, दोघांनी मिळून पुढचं ठरवायचं. अशा चिठ्ठ्या वर्ष-दीड वर्ष पर्समध्ये फिरतात. घडीवर फाटतात, सेलोटेपने चिकटवल्या जातात. दर महिन्याला 'या वेळी नक्की' म्हणून पाच गोळ्या येतात. दर महिन्याला पाळी येते. आणि दोष कुणाचा, हे घरात न बोलता ठरून जातं.

म्हणून पहिल्याच भेटीत शेवटची तारीख विचारून घ्या आणि ती दोघांच्याही मोबाइलमध्ये टाका. दोघांच्याही!